टेम्पीचे हेडन: फेरी, गिरणी, शेरीफकी आणि पाणी

गुरुवार

ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात मिल ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या उत्तर टोकाला काचेच्या उंच इमारतींच्या गराड्यात मातीच्या विटांचं एक बैठं घर उभं आहे. याला ‘ला कासा व्हिएखा’ म्हणतात. 1871 ते 1873 या काळात चार्ल्स ट्रम्बुल हेडन नावाच्या व्यापाऱ्याने ते बांधलं. पुढे 1877 साली याच घरात त्याचा मुलगा कार्ल जन्मला. तोच कार्ल इथल्या परगण्याचा शेरीफ, म्हणजे निवडून आलेला पोलीसप्रमुख, झाला आणि मग सत्तावन्न वर्षं वॉशिंग्टनमध्ये ॲरिझोनाचा प्रतिनिधी होता.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं प्रवरेच्या कालव्यांवर. मुलगी टेम्पीत राहते. तिच्याकडे यायचं ठरलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, की मॉल आणि आऊटलेट आई आणि लेकीने बघावेत, मी हेडन घराण्याच्या मागावर जाणार. प्रत्यक्षात दोघीही माझ्याबरोबर आल्या, आणि शेवटी शेवटी तर सौभाग्यवतीच माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारत होत्या.

चार्ल्स हेडन मूळचा कनेक्टिकटचा, जन्म 1825 चा. सांता फे मार्गावर मालवाहू गाड्या हाकत हाकत तो 1858 मध्ये टुसॉनला पोचला. तिथे त्याने लष्करी ठाण्यांना माल पुरवला, आणि प्रोबेट (मृत्युपत्रं, वारसा यांची प्रकरणं बघणारा) न्यायाधीश म्हणूनही काम केलं. म्हणून लोक त्याला ‘जज हेडन’ म्हणत. मेक्सिकन मंडळी ‘डॉन कार्लोस’ म्हणत. असं सांगतात की एकदा सॉल्ट नदीला पूर आला म्हणून तो अडकून पडला. पाणी उतरेपर्यंत काय करायचं म्हणून शेजारच्या टेकडीवर चढला, आणि वरून खोरं बघितल्यावर इथेच राहायचं त्याने ठरवलं.

ती टेकडी आम्हीही चढलो. वर जायला चांगला रस्ता आहे, वीस-पंचवीस मिनिटांचा चढ. वाटेत काळ्या खडकांवर जुनी कोरीव चित्रं आहेत, सर्पिल रेषा, प्राणी, माणसं. ती हेडनच्या कितीतरी शतकं आधीची, इथे शेती करणाऱ्या लोकांची. चार्ल्सने वरून ‘मोकळं’ खोरं पाहिलं असं लिहिलेलं सगळीकडे वाचायला मिळतं. त्या खडकांजवळून वर जाताना मला ते पटेना. ज्याच्या पायाखाली एवढी चित्रं होती त्याला खोरं मोकळं कसं दिसलं असेल?

माथ्यावरून खाली नजर टाकली की सगळी मांडणी कळते. पायथ्याशी गिरणी, तिच्या पलीकडे नदी. हेडनने इथे होडीची फेरी सुरू केली, दुकान काढलं, आणि 1874 मध्ये पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी उभी केली. गावाला आधी ‘हेडन्स फेरी’ म्हणत. 1879 पासून टेम्पी. आज दिसते ती काँक्रीटची पांढरी गिरणी 1918 सालची, शेजारचे उंच कोठार 1951 चे. 1998 पर्यंत इथे गहू दळला जात होता. म्हणजे एकाच जागेवर सव्वाशे वर्षं जात्याची घरघर चालू होती.

आणि नदी? नदीत आता तलाव आहे. वरच्या बाजूला धरणं झाल्यावर सॉल्टचं पात्र कोरडं पडलं. 1999 मध्ये त्या कोरड्या पात्रात दोन बाजूंना बांध घालून टाऊन लेक भरला. सुरुवातीला ते बांध हवा भरलेल्या रबराचे होते. 2010 साली त्यातला एक फुटला आणि तलाव रातोरात रिकामा झाला. आता खालच्या बाजूला लोखंडी झडपा आहेत. मी त्या झडपांपाशी बराच वेळ उभा राहिलो, तोवर मायलेकी कॉफी पिऊन परत आल्या होत्या.

शुक्रवार

आज विद्यापीठ. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत भारतीय विद्यार्थी इतके आहेत की कँटीनच्या रांगेत मागून अस्सल पुणेरी मराठी ऐकू आलं. मार्च लागला होता, आवारातली संत्र्याची झाडं फुलली होती आणि सगळीकडे त्याचा वास भरून राहिला होता.

याचं मूळ म्हणजे शिक्षक तयार करणारी एक छोटी शाळा. 1885 मध्ये तिला कायद्याने मंजुरी मिळाली, 1886 मध्ये 33 विद्यार्थ्यांवर ती उघडली. तिच्यासाठी खटपट करणाऱ्यांत चार्ल्स हेडन पुढे होता. मला वाटतं यामागे त्याच्या बायकोचा वाटा मोठा असणार. सॅली कॅल्व्हर्ट डेव्हिस ही आर्कान्सामधून पश्चिमेला आलेली शिक्षिका. 1876 मध्ये त्यांचं लग्न झालं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती बोलायची. ॲरिझोनात स्त्रियांना मत मिळालं 1912 मध्ये; ते बघायला ती राहिली नव्हती. पण तिच्या मुलाने पुढे काँग्रेसमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने काम केलं.

कार्ल याच शाळेत शिकला, मग स्टॅनफर्डला गेला. 1900 मध्ये वडील वारले आणि त्याला शिक्षण सोडून परत यावं लागलं. घरात मोठं नाव होतं, पण कर्जही होतं. व्यवहार आवरता आवरता तो राजकारणात शिरला. 1902 मध्ये गावच्या कौन्सिलवर, मग परगण्याचा खजिनदार, आणि 1906 च्या निवडणुकीत मॅरिकोपा परगण्याचा शेरीफ. तेव्हा ॲरिझोना राज्य नव्हतं, नुसता केंद्राचा प्रदेश होता. 1907 पासून 1912 पर्यंत शेरीफचा बिल्ला त्याच्याकडे होता.

शेरीफ म्हटलं की डोळ्यांसमोर सिनेमातली गोळीबारी येते. कार्ल हेडनची गोष्ट वेगळी. 1910 च्या मे महिन्यात वुडसन नावाच्या दोघा तरुण भावांनी फिनिक्स आणि मॅरिकोपा यांच्यामधली रेल्वे लुटली आणि ते दक्षिणेला वाळवंटात पळाले. शेरीफने आधी घोड्यांवरून पाठलाग केला. उन्हात घोडे थकले. मग त्याने ॲपरसन कंपनीची मोटार मिळवली आणि वाळवंटातून त्यांना गाठलं, एकही गोळी न झाडता. मोटारीने केलेल्या पाठलागाची ही बातमी त्या काळी खूप गाजली. आज हायवेवरचे पोलीस बघताना त्यात काही विशेष वाटणार नाही. पण रस्ता नाही, पेट्रोलपंप नाही, टायर फुटला तर मैलोन्‌मैल कोणी नाही, अशा ठिकाणी मोटार घालायची म्हणजे धाडसच.

तरी मला या माणसाची खरी ‘कायद्याची’ कामगिरी वेगळीच वाटते. ज्या वर्षी तो त्या दोघा भावांच्या मागे धावत होता, त्याच वर्षी मार्चमध्ये इथल्या न्यायालयात जज एडवर्ड केंट यांनी एक निकाल दिला. सॉल्ट नदीचं पाणी कोणत्या शेताला, कोणत्या वर्षापासूनच्या हक्काने मिळायचं, याची सगळी यादीच त्या निकालात आहे. जो आधी पाणी धरील त्याचा हक्क आधी, हे पश्चिमेकडचं तत्त्व. त्याआधी 1892 मध्ये जज जोसेफ किबी यांनी ठरवून दिलं होतं की पाणी जमिनीला चिकटलेलं आहे, कालवा कंपनीला ते वेगळं विकता येणार नाही. वसाहत टिकली ती या दोन निकालांमुळे. पाण्यावरून मारामाऱ्या थांबवायला बंदुकीपेक्षा हा कागद उपयोगी पडला. आपल्याकडे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांनी वरच्यांशी किती भांडणं केली, ती मिटवताना आमची काय दमछाक झाली, हे खात्यातल्या माणसाला सांगायला नको.

संध्याकाळी मुलीच्या गल्लीत एक दृश्य पाहिलं आणि मी हरखलो. विद्यापीठाजवळच्या जुन्या वस्तीत घरांच्या मागच्या अंगणात आजही पाटाचं पाणी येतं. शेजारचे सत्तरीचे गृहस्थ हातात फावडं घेऊन उभे होते. गवताच्या तुकड्याभोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध. कोपऱ्यात जमिनीत गोल झाकणाचा लोखंडी व्हॉल्व्ह. त्यांनी चाक फिरवलं, झाकण उचललं गेलं आणि गढूळ पाणी गुळगुळ करत बाहेर आलं, पसरत पसरत संत्र्याच्या बुंध्यांपर्यंत गेलं. एका ठिकाणी बांध फुटायला लागला तसं त्यांनी फावड्याने माती ओढली. आपल्याकडे याला दारं धरणं म्हणतात. अमेरिकेतल्या शहरी अंगणात कोणी दारं धरताना दिसेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाण्याची पाळी ठरलेली असते, कधी कधी रात्री दोनलाही येते, मग गजर लावून उठायचं. पाटकरी येऊन मोठ्या चारीचं दार उघडून जातो, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. मी त्यांना म्हटलं, मीही हेच काम केलं. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. शेवटचा कोपरा मी भरून दिला.

शनिवार

फिनिक्स विमानतळाच्या अगदी शेजारी ‘सेदाव वाअकी’ नावाचं संग्रहालय आहे. 2023 पर्यंत याचं नाव ‘पुएब्लो ग्रांदे’ होतं. डोक्यावरून विमानं जात असतात आणि खाली हजार वर्षांपूर्वीचे कालवे पसरलेले आहेत. होहोकाम लोकांनी या खोऱ्यात शेकडो मैलांचे कालवे खणले, लाकडी आणि दगडी हत्यारांनी. पंधराव्या शतकाच्या सुमारास ती वस्ती मोडली. अकिमेल ओओडम, ज्यांना बाहेरचे लोक पिमा म्हणतात, ते त्यांना आपले पूर्वज मानतात.

कालव्याचा छेद बघायला उतरलो. आज तो रुंद खड्ड्यासारखा दिसतो, काठ झिजलेले. पण ढाळ बघा. मैलाला काही फुटांचाच उतार, जास्त दिला तर काठ खचतात, कमी दिला तर गाळ बसतो. लेव्हल मशीन नसताना हे साधलं कसं? आमच्या खात्यात ढाळ चुकलेल्या चाऱ्या मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत, म्हणून मला याचं मोल जास्त वाटतं.

1867 मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने हेच कालवे साफ करून पाणी सोडलं, त्यातून फिनिक्स वसलं. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव त्यामुळेच पडलं. टेम्पीच्या बाजूचे पाटही असेच झाले, आणि ते खणायला मेक्सिकन कुटुंबांचे हात होते. टेकडीच्या पायथ्याशी त्यांची सान पाब्लो नावाची वस्ती होती. पुढे विद्यापीठ वाढत गेलं आणि ती वस्ती नाहीशी झाली. ‘पायोनियर’ कुटुंबांच्या याद्यांत हेडनचं नाव पहिलं असतं. त्या खणणाऱ्यांची नावंही तिथे हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

परतताना डबल ब्यूट दफनभूमीत गेलो. जुन्या भागात हेडन कुटुंबाची जागा आहे. कार्ल 1972 मध्ये 94 व्या वर्षी वारला. विद्यापीठात झालेल्या शोकसभेला माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आले होते आणि विरोधी पक्षाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटरही बोलले.

रविवार

पहाटे निघून रूझवेल्ट धरण. टेम्पीहून ईशान्येला डोंगरांतून दोन तासांचा रस्ता, दोन्हीकडे हातभर पिवळी फुलं आणि मधून मधून सग्वारो निवडुंगांचे उंच खांब.

हे धरण 1911 मध्ये पुरं झालं. मार्च महिन्यात थिओडोर रूझवेल्ट स्वतः उद्घाटनाला आले आणि दोन दिवसांनी टेम्पीच्या शाळेच्या पायऱ्यांवरूनही बोलले. मूळ धरण दगडी, 280 फूट उंच. दगड घडवायला इटालियन कारागीर, रस्ता काढायला अपाची मजूर. 1996 मध्ये त्यावर काँक्रीट चढवून उंची 357 फूट केली, त्यामुळे जुनं दगडी काम आता दिसत नाही. सुरक्षेसाठी ते गरजेचं होतं हे मला कळतं, पण वाईट वाटलं. आमचं भंडारदरा याच्यानंतर 1926 साली झालं, तेही दगडी, आणि त्याचा दगड आजही उघडा दिसतो. काठावर उभं राहून सौभाग्यवती तेच म्हणाल्या, “आपलं दिसतं तरी.”

या धरणाचा पैसा कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. 1902 मध्ये केंद्राने पाटबंधाऱ्यांसाठी कर्ज देणारा कायदा केला. 1903 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संघ स्थापन केला आणि आपल्या जमिनी तारण ठेवल्या. शेवटचा हप्ता 1955 मध्ये फिटला. एवढी शिस्त आपल्या पाणीवापर संस्थांना लावता आली असती तर किती बरं झालं असतं. आम्ही प्रयत्न केले, काही ठिकाणी जमलंही.

सोमवार

आज फार फिरलो नाही. शहराच्या उत्तरेला सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा कालवा आहे, तेवढा बघून आलो. कोलोरॅडो नदीवरच्या लेक हवासूपासून टुसॉनपर्यंत 336 मैल, आणि वाटेत पाणी सुमारे 2900 फूट वर उचलावं लागतं. पश्चिमेकडच्या भागाला हेडन आणि ऱ्होड्स या दोघा लोकप्रतिनिधींचं नाव आहे.

कार्ल हेडनने कारकिर्दीची शेवटची वीसेक वर्षं या एका कालव्यासाठी खर्ची घातली. 1912 मध्ये राज्य झालं तेव्हा ॲरिझोनाचा पहिला काँग्रेस सदस्य तोच. 1927 पासून सिनेटमध्ये. सुरुवातीच्या काळात मेरीलंडच्या एका जुन्या सदस्याने त्याला सांगितलं होतं, की इथे दोन प्रकारचे घोडे असतात, मिरवायचे आणि राबायचे. हा आयुष्यभर राबायचा घोडा राहिला. सभागृहात तो क्वचितच बोलायचा, सगळं काम समितीच्या खोलीत करायचा. 1963 मध्ये केनेडी यांची हत्या झाल्यावर काही काळ हा 86 वर्षांचा म्हातारा राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसांत सभापतींच्या खालोखाल दुसरा होता.

कॅलिफोर्नियाशी कोलोरॅडोच्या पाण्याचा खटला 1952 पासून सुप्रीम कोर्टात चालला. निकाल 1963 मध्ये ॲरिझोनाच्या बाजूने लागला. तरीही कालव्याला काँग्रेसमध्ये मंजुरी मिळेना. शेवटी 30 सप्टेंबर 1968 रोजी जॉन्सन यांनी सही केली आणि चार महिन्यांत हेडन निवृत्त झाला. त्या मंजुरीसाठी एक अट मान्य करावी लागली होती. कोलोरॅडोला पाणी कमी पडलं तर कॅलिफोर्नियाचा हक्क आधी, या कालव्याचा नंतर. 2022 पासून ती अट बोचायला लागली. कोलोरॅडोवरच्या लेक मीड जलाशयाची पातळी खाली गेली आणि पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांना या कालव्याचं पाणी जवळजवळ बंद झालं. मी हेडनच्या जागी असतो तर तीच सही केली असती. कालवा नसण्यापेक्षा उशिराच्या हक्काचा कालवा बरा. पण टेलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला उभं राहायचं झालं, तर शब्द सापडत नाहीत.

मंगळवार

शेवटचा दिवस दक्षिणेला, हीला नदीच्या खोऱ्यात, पिमा लोकांच्या राखीव क्षेत्रात. सॅकाटनकडे जाताना आधी कोरडं पात्र लागतं, वाळू आणि झुडपं.

पिमा लोक पूर्वीपासून बागाईतदार. 1850 आणि 60 च्या दशकांत पश्चिमेकडे जाणाऱ्या तांड्यांना, टपालाच्या गाड्यांना, लष्कराला गहू विकायचे ते हेच. हेडनसारखे व्यापारी त्यांच्याकडूनच धान्य घ्यायचे. मग वरच्या अंगाला वसाहती झाल्या, त्यांनी हीलाचं पाणी वळवलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाली दुष्काळ पडला. पीक पिकवून सैन्याला जगवणाऱ्या लोकांना सरकारी शिध्यावर जगायची वेळ आली. ‘आधी पाणी धरील त्याचा हक्क’ हे तत्त्व जर खरं पाळलं असतं, तर या लोकांचा नंबर सगळ्यांच्या आधी लागायला हवा होता. सुप्रीम कोर्टाने 1908 मध्येच आदिवासींच्या राखीव पाणीहक्काला मान्यता दिली होती, तरी इथे त्याचा उपयोग व्हायला पिढ्या गेल्या.

कार्ल हेडनला हे माहीत होतं. हीलावर पिमांसाठी धरण व्हावं म्हणून त्याने कायदा करून घेतला, 1924 मध्ये. त्यातून कूलिज धरण झालं. पण त्या जलाशयात पुरेसं पाणी क्वचितच साठलं. खरा तोडगा निघाला 2004 मध्ये, हीला रिव्हर समाजाला वर्षाला 6,53,500 एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर) पाणी देणाऱ्या कायद्याने. त्यातला मोठा हिस्सा येतो तो हेडनच्याच कालव्यातून. आज फिनिक्ससारखी शहरं त्यांच्याकडून पाणी भाड्याने घेतात.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी अल्फाल्फाची शेतं होती, नव्या काँक्रीट अस्तराच्या चाऱ्या, दारांवर गेज. आणि एका कालव्यावर सौर पॅनेल. 2024 मध्ये इथे ते बसवले, अमेरिकेत कालव्यावर असे पॅनेल पहिल्यांदाच. गुजरातेत नर्मदेच्या शाखा कालव्यावर हे 2012 मध्ये झालं होतं, म्हणून मला त्याचं विशेष कौतुक. बाष्पीभवन कमी, वीज मिळते, जमीन अडत नाही.

फोटो काढून खात्यातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकले. आपल्याकडे रात्रीचे दीड वाजले असतील, तरी एका निवृत्त शाखा अभियंत्याचा लगेच मेसेज आला: “साहेब, पॅनेल राहू द्या. टेलला पाणी पोचतं का?”

मी लिहिलं, “इथलं टेल म्हणजे पिमा शेतकरी. सव्वाशे वर्षांनी पोचलं.”